प्रतिसृष्टीतील माणसे : दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या विज्ञानकथांचा एक धागा

विश्वामित्राने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी निर्माण केली, ही कथा मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते. सदेह स्वर्गात जाऊ इच्छिणाऱ्या या राजाला वसिष्ठाच्या पुत्रांनी शाप देऊन चांडाळ केले, विश्वामित्राने त्याला तपोबलावर वर चढवले, इंद्राने त्याला खाली ढकलले आणि अखेर तो अधांतरी, खाली डोके वर पाय अशा अवस्थेत लटकत राहिला. कथेत विश्वामित्राच्या सामर्थ्याचे व ऋषींमधील वैराचे वर्णन विस्ताराने येते. लटकणाऱ्या माणसाला काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र कथाकारांना पडलेला दिसत नाही. इंग्रजीतून आलेल्या ‘सिम्युलेशन’ या शब्दासाठी प्रस्तुत लेखात आम्ही ‘प्रतिसृष्टी’ हाच शब्द योजत आहोत. त्यामागे केवळ भाषेची सोय नाही, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

आपण ज्या जगात वावरतो ते खरे आहे, की कोणा यंत्राने उभे केलेले आहे, या प्रश्नाची चर्चा अलीकडे फार होते. इ. स. 1999 मध्ये ‘द मेट्रिक्स’ हा अमेरिकन चित्रपट आला आणि हा प्रश्न महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडी जाऊन बसला. 2003 साली तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी आपल्या निबंधात त्याला संभवगणिताची चौकट दिली. भविष्यातील प्रगत समाज जर अशा असंख्य प्रतिसृष्टी चालवणार असेल, तर आपणही त्यांपैकीच एकीत असण्याची शक्यता किती, असा तो हिशेब आहे. हिशेब चतुर आहे यात शंका नाही. परंतु या विषयाचा जो इतिहास आम्ही पाहिला, तो निराळेच काही सांगतो. 1999 पूर्वी चाळीस वर्षे हा विषय दूरचित्रवाणीच्या लहान पडद्यावर येत होता, आणि तेथे ‘जग खरे की खोटे’ या प्रश्नापेक्षा ‘हे जग कोणी उभे केले, कशासाठी उभे केले आणि त्यात राहणाऱ्यांचे काय’ हे प्रश्न अधिक जवळचे मानले गेले होते.

आरंभ अमेरिकेतून करावा लागतो. 2 ऑक्टोबर 1959 रोजी सी.बी.एस. वाहिनीवर ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. लेखक रॉड सर्लिंग. एक तरुण एका निर्मनुष्य गावात भटकतो आहे. चहा-कॉफीच्या दुकानात भांडे उकळते आहे, तुरुंगाच्या कोठडीत पाणी वाहते आहे, पण माणूस म्हणून कोठे नाही. अखेरीस कळते की हा वायुदलातील माणूस असून चंद्रप्रवासाच्या पूर्वतयारीसाठी त्याला 484 तासांहून अधिक काळ एका बंद पेटीत एकटे ठेवण्यात आले आहे, आणि ते गाव त्याच्या शिणलेल्या मनाने रचले आहे. पेटीबाहेर अधिकारी उपकरणांवर नोंदी घेत उभे आहेत. पहिल्याच कथेत ही मांडणी सिद्ध झालेली दिसते. आत एक माणूस, बाहेर निरीक्षक. आतल्याला बाहेरचे दिसत नाही, बाहेरच्याला आतल्याची नाडी दिसते, यातना दिसत नाही.

याच मालिकेतील चार्ल्स बोमाँट यांनी लिहिलेला व 5 मे 1961 रोजी दाखवलेला भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. एका माणसाला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली आहे. तो सर्वांना सांगतो, ‘हे माझे स्वप्न आहे, रोज रात्री मला हीच शिक्षा होते आणि मी मेलो की तुम्ही सारे नाहीसे होता.’ प्रथम हे वेडाचे चाळे वाटतात. मग एका पत्रकाराला भीती वाटू लागते आणि तो सरकारी वकिलाकडे धाव घेतो. येथे स्वप्न पाहणाऱ्याच्या इतकेच स्वप्नात असलेल्यांचे भय खरे मानले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. स्वप्नातल्या माणसालाही नाहीसे व्हायचे नसते. अर्ध्या तासाच्या, जाहिरातींनी तोडलेल्या कार्यक्रमात एवढे बसवणे सोपे नव्हते.

इंग्लंडमध्ये हा धागा आणखी कडवट झाला. बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर 1965 पासून ‘आउट ऑफ द अननोन’ ही विज्ञानकथांची मालिका चालू होती. तिच्यात 1 डिसेंबर 1966 रोजी फ्रेडरिक पोल यांच्या ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ या कथेचे नाट्यरूप दाखवले गेले. मूळ कथा 1955 सालची. एक मनुष्य भयंकर स्फोटाचे स्वप्न पाहून जागा होतो. तारीख 15 जून. तो कामावर जातो, रस्त्यावर कर्णे लावलेल्या गाड्या कानठळ्या बसतील अशा आवाजात वस्तूंच्या जाहिराती करत फिरत असतात. दुसऱ्या दिवशी तो जागा होतो, तीही तारीख 15 जूनच. हळूहळू उलगडा होतो तो असा की, स्फोट खरोखरीच झाला होता आणि गाव मेले होते. जाहिरातींचा धंदा करणाऱ्या एका कंपनीने मृतांची मने यंत्रात उतरवून त्यांना एका मेजावर मावेल एवढ्या गावात पुन्हा वसवले आहे. रोज एक नवी जाहिरात त्यांच्यावर आजमावायची, रात्री स्मृती पुसायची आणि सकाळी पुन्हा तोच दिवस सुरू करायचा. पोल यांनी स्वतः काही काळ जाहिरात व्यवसायात लेखनिकाचे काम केले होते, त्यामुळे कथेतील संताप ऐकीव नाही. माणसाच्या मरणानंतरही त्याची ग्राहक म्हणून असलेली उपयुक्तता संपत नाही, हे या कथेचे मर्म होय. (बी.बी.सी.ने पुढे आपल्या जुन्या ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या व या मालिकेचे बरेच भाग कायमचे नष्ट झाले. हा भाग सुदैवाने वाचला.)

येथे एक क्षण पडद्यापासून दूर जावे लागते. कारण प्रतिसृष्टीची कल्पना केवळ कथाकारांच्या डोक्यातून निघाली नव्हती. 1959 साली अमेरिकेत ‘सिम्युलमॅटिक्स कॉर्पोरेशन’ नावाची एक कंपनी स्थापन झाली. मतदार कोणत्या प्रसंगी कसे वागतील याचे गणित संगणकावर मांडणे, हा तिचा उद्योग. 1952 पासूनच्या जनमत पाहण्यांतील एक लाखाहून अधिक मुलाखती जमवून तिने अमेरिकन मतदारांचे 480 प्रकार पाडले आणि 52 विषयगटांवर त्या प्रत्येक प्रकाराचे मत काय, याची कोष्टके बांधली. माणूस कोणत्या वंशाचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या प्रदेशातला, किती मिळकतीचा, शहरातला की खेड्यातला, पुरुष की स्त्री, यांवरून त्याचा प्रकार ठरे. मग एखादा उमेदवार अमुक बोलला तर अमुक प्रकारचे लोक काय करतील, हे त्या लोकांना न विचारताच सांगता येईल, असा कंपनीचा दावा होता.

या कंपनीने मे 1960 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षासाठी केलेला पहिला अहवाल कोणाविषयी होता, हे आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. तो उत्तरेकडील शहरांतील कृष्णवर्णीय मतदारांविषयी होता. हा मतदार पक्षापासून दूर सरकतो आहे आणि नागरी हक्कांविषयी ठाम भूमिका घेतल्यावाचून तो परत येणार नाही, असे या यंत्राने सांगितले. निष्कर्ष चुकीचा नव्हता. परंतु त्याच वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उपाहारगृहाच्या गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या टेबलापाशी जाऊन बसले होते आणि पाहता पाहता ते आंदोलन कितीतरी शहरांत पसरले होते. त्यांना काय हवे आहे ते ती मुले उघड्या आवाजात सांगत होती. ते समजण्यास छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची गरज नव्हती. ज्यांचे म्हणणे समोरासमोर ऐकून घ्यायचे नसते, त्यांची प्रतिरूपे प्रथम तयार होतात, असे आम्हांस या इतिहासावरून वाटते. केनेडी यांच्या विजयात या अहवालांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत आणि कंपनी 1970 साली दिवाळखोरीत गेली. परंतु माणसाला न विचारता त्याच्या प्रतिरूपाला विचारण्याची प्रथा तिच्याबरोबर बुडाली नाही, हे सांगावयास नको.

1964 साली, म्हणजे हे सारे ताजे असताना, डॅनियल गॅलुई या न्यू ऑर्लिन्सच्या पत्रकाराने ‘सिम्युलाक्रॉन-3’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. गॅलुई दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे वैमानिक होते. त्यांच्या कादंबरीतील समाजात जनमत पाहणी हा एक प्रचंड व्यवसाय झालेला आहे. पाहणी करणारे लोक रस्त्यात कोणालाही अडवतात आणि उत्तर देणे कायद्याने बंधनकारक असते. हा त्रास संपावा म्हणून एक कंपनी यंत्रात संपूर्ण शहर उभे करते. त्या शहरातील रहिवाशांवर प्रत्येक नव्या वस्तूची, प्रत्येक नव्या घोषणेची परीक्षा घ्यायची. ते आपापले संसार करत राहतात, आपण कोण हे त्यांना ठाऊक नसते. आणि मग ज्याच्या हाती हे यंत्र आहे त्या शास्त्रज्ञाला शंका येऊ लागते की, आपले स्वतःचे शहरही असेच कोणाच्या तरी यंत्रात असावे. पुस्तक त्या काळी फारसे गाजले नाही. ते गाजले ते नऊ वर्षांनी, दुसऱ्या देशात व दुसऱ्या भाषेत.

तो देश म्हणजे तेव्हाचा पश्चिम जर्मनी. कोलोन येथील डब्ल्यू.डी.आर. हे सार्वजनिक प्रसारण केंद्र त्या काळी धाडसी नाटके व चित्रपट करण्यासाठी प्रसिद्ध होते. 18 ऑक्टोबर 1970 रोजी त्याने ‘दास मिलियोनेनश्पील’ हा चित्रपट दाखवला. त्यात दूरचित्रवाणीच्या एका स्पर्धेत एक माणूस पळतो, भाडोत्री मारेकरी त्याचा पाठलाग करतात आणि मधूनमधून जाहिराती लागतात. निवेदक, प्रेक्षागृह, मुलाखती, सारे हुबेहूब. काही प्रेक्षकांना ते खरेच वाटले आणि त्यांतील कित्येकांनी स्वतः भाग घेण्याची इच्छा कळवली! पळणारा म्हणून नव्हे, तर मारेकरी म्हणूनही लोक तयार होते. कृत्रिम जगाची गोष्ट सांगावयास संगणकच हवा असे नाही, घरातील दूरचित्रवाणी संच पुरेसा आहे, हे या घटनेने दाखवले. 1972 साली ‘क्लब ऑफ रोम’च्या वतीने ‘वाढीच्या मर्यादा’ हा गाजलेला ग्रंथ निघाला. लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि खनिजसाठे यांचे संपूर्ण जगाचे गणित त्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संगणकावर मांडले होते, आणि त्याचा खर्च फोक्सवागेन प्रतिष्ठानाने केला होता. जगाची प्रतिकृती यंत्रात ठेवून तिचे भविष्य वाचता येते, ही कल्पना त्या वर्षी जर्मन वृत्तपत्रांतून सर्वत्र होती.

अशा वातावरणात, 14 आणि 16 ऑक्टोबर 1973 रोजी, रायनर वेर्नर फासबिंडर यांचा ‘वेल्ट आम ड्राट’ हा दोन भागांचा चित्रपट जर्मन दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. नावाचा अर्थ ‘तारेवरचे जग’. फासबिंडर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. नाटक आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी तोवर एवढे काम केले होते की, त्याची यादी पाहूनच दमछाक व्हावी. यापूर्वी लगेचच त्यांनी याच केंद्रासाठी कामगार कुटुंबाच्या जीवनावर ‘आठ तास म्हणजे दिवस नव्हे’ अशा अर्थाच्या नावाची मालिका केली होती. कामगारांच्या मालिकेनंतर एकदम विज्ञानकथा, हे अनेकांना विचित्र वाटले असणार. आम्हांस तसे वाटत नाही. दोहोंत प्रश्न एकच आहे, तो म्हणजे माणसाचा उपयोग कोण करून घेतो.

कथा थोडक्यात अशी. सरकारी पैशावर चालणाऱ्या ‘सायबरनेटिक्स व भविष्यसंशोधन संस्थे’त ‘सिम्युलाक्रॉन’ नावाचा महासंगणक आहे. त्यात एक लहान जग असून नऊ हजारांहून अधिक ‘ओळखघटक’ राहतात. माणूस हा शब्द संस्थेत वापरत नाहीत, ‘घटक’ म्हणतात. या जगाकडे पाहून वीस वर्षांनंतर लोकांना काय लागेल याचे अंदाज बांधायचे, हा संस्थेचा अधिकृत हेतू. तांत्रिक संचालक प्राध्यापक फोलमर अचानक मृत्यू पावतात आणि त्यांच्या जागी फ्रेड स्टिलर येतो. एका मेजवानीत सुरक्षाप्रमुख लाउझ त्याच्याशी बोलता बोलता दिसेनासा होतो. दुसऱ्या दिवशी असा कोणी मनुष्य होता हेच कोणाला आठवत नाही. इकडे संस्थेचा प्रमुख सिस्किन्स एका पोलाद कंपनीला हे अंदाज गुपचूप पुरवण्याच्या खटपटीत आहे. लोकांच्या पैशाने उभारलेले जग एका धनिकाच्या नफ्यासाठी वापरले जावे काय, यावरून त्याचे व स्टिलरचे बिनसते. चित्रपटातील तत्त्वज्ञानाची सर्वांना आठवण राहते, या पोलादाची राहत नाही. वस्तुतः पोलाद काढून टाकले तर कथेचा अर्धा जीव जातो.

फासबिंडर यांच्यापाशी भविष्यकाळ उभा करण्याएवढा पैसा नव्हता. 16 मि.मी. फितीवर, थोड्या आठवड्यांत सारे उरकायचे होते. म्हणून त्यांनी आपल्याच काळातील नव्या इमारती वापरल्या. पॅरिसमधील नवी खरेदी-संकुले, काचेची कार्यालये, लांबलचक सज्जे यांतच त्यांनी भविष्य शोधले. छायाचित्रकार मिखाएल बालहाउस यांनी प्रत्येक खोलीत आरसे, काचा, चकचकीत पृष्ठभाग शोधले. बोलणारा माणूस आणि त्याचे प्रतिबिंब यांतून कोणाकडे पाहावे हे प्रेक्षकाला कळेनासे होते. आजूबाजूची पात्रे बाहुल्यांसारखी स्तब्ध उभी असतात. एका छोट्या भूमिकेत एडी कॉन्स्टन्टीन हे नट दिसतात. 1965 साली गोदार यांच्या ‘आल्फाविल’मध्ये तेच नायक होते आणि गोदार यांनीही तत्कालीन पॅरिसलाच भविष्यातील नगर म्हणून दाखवले होते. दारिद्र्यातून आलेली ही युक्ती युक्तिवाद होऊन बसली. कृत्रिम जग म्हणून जे दाखवले, ते प्रेक्षकाच्या शेजारचे दुकान होते.

या चित्रपटातील दोन घटकांविषयी आम्हांस विशेष लिहावयाचे आहे. पहिला क्रिस्टोफर नोबडी. नोबडी म्हणजे ‘कोणी नाही’. हा ओळखघटक यंत्रातील जगात आत्महत्येचा प्रयत्न करतो. संस्थेच्या दृष्टीने हा बिघाड आहे, कारण आत्महत्या करणारा घटक अंदाज बिघडवतो. त्याला असे का वाटले, याची चौकशी करण्याआधीच त्याला यंत्रातून काढून टाकले जाते. प्रसंग लहान आहे. पात्रे त्याविषयी कामकाजाच्या भाषेत बोलतात. आम्ही हा चित्रपट त्याच्या पुनरुद्धारित प्रतीवरून पाहिला, तेव्हा या प्रसंगापाशी थांबलो. जे दुःख नोंदवहीत बिघाड म्हणून लिहिले जाते, त्याचा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही.

‘तो खरा नव्हताच, मग दुःख कोणाला?’ असे कोणी म्हणेल. भारतीय तत्त्वज्ञानात हा युक्तिवाद फार जुना आहे. जगच मिथ्या असे सांगितले की जगातील अन्यायही मिथ्या ठरतो आणि त्याविषयी काही करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही, हा मायावादाचा व्यवहारातील लाभ भोगणाऱ्यांनी पुरेपूर भोगला. बौद्ध विज्ञानवादाला याच मापाने मोजणारे अनेक आहेत, म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. पेशावरचे, म्हणजे प्राचीन पुरुषपुरचे, आचार्य वसुबंधू यांनी ‘विंशतिका’ या आपल्या लहानशा ग्रंथात बाह्य वस्तूंवाचून केवळ विज्ञप्तीनेच अनुभव कसा घडू शकतो, हे मांडले आहे. प्रतिपक्षी विचारतो की, वस्तूच नसेल तर ती ठरावीक स्थळी व ठरावीक वेळीच का दिसते, अनेकांना एकसारखी का दिसते, आणि तिच्याकडून कार्य कसे घडते? आचार्य उत्तरादाखल स्वप्नाचा दृष्टांत देतात, आणि नंतर नरकाचा. नरकात पापी जीवांना छळणारे नरकपाल सर्वांना सारखेच दिसतात. पण ते खरे जीव आहेत काय? आचार्य म्हणतात, नाहीत. कारण ते नरकाचे दुःख भोगत नाहीत. त्यांनीही ते भोगले असते तर छळणारा कोण व छळ सोसणारा कोण हा भेदच राहिला नसता. आणि तापलेल्या लोखंडी भूमीचा दाह ज्याला स्वतःला सहन होत नाही, तो दुसऱ्याला काय छळणार?

नरकाची कल्पना आम्ही येथे दृष्टांतापुरतीच घेत आहोत. महत्त्वाची आहे ती कसोटी. ज्या ग्रंथाने बाह्य जगाचे अस्तित्व नाकारले, त्याने दुःख नाकारलेले नाही. उलट, या रचनेत जीव कोण आणि केवळ देखावा कोण, हे दुःखाच्या अनुभवावरून ठरवले. या कसोटीवर नोबडी हा नगण्य घटक जीव ठरतो. आणि नियंत्रणकक्षातील गुळगुळीत चेहऱ्याचे अधिकारी? फासबिंडर यांनी त्यांना पुतळ्यासारखे उभे केले आहे. हा संबंध आम्ही जोडतो आहोत. फासबिंडर यांच्या डोळ्यांपुढे वसुबंधू नव्हते, ग्रीक कूटप्रश्न होते. अकिलीज आणि कासव यांच्या शर्यतीचे एक चित्र या कथेत गूढसूचक म्हणून येते.

दुसरा घटक आइनस्टाइन. ही भूमिका गॉटफ्रीड योन यांनी केली आहे. नऊ हजारांत त्याला एकट्यालाच आपण यंत्रातले आहोत हे ठाऊक असते, कारण वरच्या शास्त्रज्ञांना खालच्या जगात आपला एक संपर्कदूत हवा असतो. म्हणजे ज्ञान त्याला दिले आहे ते त्याच्या मुक्तीसाठी नव्हे, संस्थेच्या सोयीसाठी. सर्व जाणायचे आणि तेथेच राहायचे, ही शिक्षा इतरांच्या अज्ञानाहून कठीण आहे. तो वर येण्याची याचना करतो; ती ऐकली जात नाही. तेव्हा वाल्फांग हा शास्त्रज्ञ खालच्या जगात उतरला असता आइनस्टाइन त्याच्या देहातून वर येतो. त्याला खरा माणूस व्हायचे आहे. एक पायरी चढून त्याला थांबायचे नाही, कारण ही शेवटची पायरी नव्हे हे त्याला माहीत आहे. स्टिलरला तोच सांगतो की, तुझे हे जगही दुसऱ्या कोणाच्या तारेवर चालते. जो खालच्या पायरीवर आहे त्यालाच पायऱ्या असल्याचे प्रथम कळते. वर उभ्या असलेल्यास आपण जमिनीवर आहोत असे वाटत असते. स्टिलर संस्थेत अधिकारी आहे, सुशिक्षित आहे, सभ्य आहे. आपणही कोणाचे ‘घटक’ आहोत हे कळताच तो कोलमडतो. आइनस्टाइन त्या सत्यासह रोज जगत आला होता.

त्रिशंकूची आठवण येथे न होईल तरच नवल. सदेह वर जाऊ पाहणारा, आणि ज्याच्या वर जाण्यानेच व्यवस्था हादरते असा. फरक इतकाच की या वेळी गोष्ट सांगणाऱ्याने त्याला बोलू दिले.

या चित्रपटानंतर हा विषय दूरचित्रवाणीवर येतच राहिला. 1976 च्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतील ‘द डेडली असॅसिन’ या कथेत मृतांच्या स्मृती साठवणारे आणि ज्यात शिरून लढता येते असे एक यंत्रविश्व आहे, आणि त्याचे नावही ‘मेट्रिक्स’च आहे. 1999 साली गॅलुई यांच्या कादंबरीवर ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ हा अमेरिकन चित्रपट निघाला. ‘वेल्ट आम ड्राट’ मात्र अनेक वर्षे क्वचितच पाहावयास मिळे. फासबिंडर 1982 साली, सदतिसाव्या वर्षी वारले. बालहाउस यांच्या देखरेखीखाली चित्रपटाचा पुनरुद्धार होऊन तो 2010 च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, आणि तेव्हापासून त्याची गणना या विषयाच्या पहिल्या महत्त्वाच्या कृतींत होऊ लागली. मूळ प्रक्षेपण झाले तेव्हा आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्राला एक वर्ष झाले होते. 2 ऑक्टोबर 1972 रोजी ते सुरू झाले आणि संच असलेल्याच्या घरी सारी चाळ जमत असे. ज्या यंत्राचे आपल्याला तेव्हा एवढे अप्रूप होते, तेच यंत्र दुसरीकडे स्वतःविषयी शंका उपस्थित करू लागले होते.

आता या चित्रपटाच्या शेवटाविषयी. त्याविषयी आमचे मत प्रशंसकांहून वेगळे आहे. फोलमरची कन्या म्हणून वावरणारी एफा वरच्या जगातून आलेली असते. स्टिलर हा वरच्या जगातील एका माणसाचे प्रतिरूप आहे. तो मूळचा माणूस सत्तेने बिघडला असून एफाचे प्रेम आता त्याच्या प्रतिरूपावर जडले आहे. अखेरीस पोलिसांच्या गोळ्यांनी स्टिलरचा देह मोटारीवर कोसळतो आणि त्याच क्षणी त्याची जाणीव वरच्या देहात नेली जाते. एका साध्या खोलीत तो जागा होतो, वस्तूंना हात लावून पाहतो, आनंदतो. समीक्षकांनी या आनंदाविषयी पुष्कळ लिहिले आहे: हे वरचे जग तरी खरे कशावरून, वगैरे. आमचा प्रश्न तो नाही. एक माणूस प्रेमाच्या बळावर उचलला गेला, ही एका माणसाची सुटका झाली. जे शहर तो मागे सोडून आला, तेथे लाउझला कोणी आठवत नाही. त्या शहरातील संस्थेत यंत्र चालू आहे, पोलाद कंपनीला अंदाज हवेच आहेत, आणि यंत्राच्या आत नऊ हजारांहून अधिक ओळखघटक दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामावर निघाले असतील. चित्रपट त्यांच्याकडे पुन्हा वळत नाही.